फुकटचा माणूस किती महाग पडतो

परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ आणि सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागांतील मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी कॉस्ट अकाउंटंट आहे. एखादी गोष्ट फुकट आहे असं कुणी म्हटलं की माझा हात आपसूक पेन्सिलीकडे जातो. तरीही २०१८ मध्ये कंपनीने परदेशी पाठवलेली स्वयंसेवक म्हणून बारा आठवडे मी स्वतः 'फुकट' होते, आणि तो हिशेब कुणाला दाखवायचं धाडस व्हायला मला बरीच वर्षं लागली. यंदाच्या तुकडीच्या निवड समितीवर मला बोलावणं आलं आहे. अशा बैठकीत चहा-बिस्किटं धरून दहा मिनिटं मिळतात, म्हणून हे पत्र.

दुसरं कारण जरा लाजेचं आहे. परत आल्यावर कंपनीच्या सभागृहात माझं सादरीकरण झालं. शेवटच्या स्लाइडवर 'चौदा कुटुंबांच्या आयुष्यात बदल' अशी ओळ होती. ती मी लिहिली नव्हती, पण काढायलाही सांगितली नाही. टाळ्या घेऊन खाली उतरले.

जागा होती पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमू शहरापासून आत, मुहोरोनीच्या ऊसपट्ट्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. एक बाई चौदा माणसांना घेऊन कांडी कोळसा करत होत्या. पत्र्याची शेड, एक मोटर, एक दाबयंत्र आणि कांड्या वाळत घालायला लाकूड-जाळीचे मांडव. बाजारातून कोळशाची भुकटी पोत्यांनी घ्यायची, साखर कारखान्याची मळी घालून मळायची, दाबायची आणि उन्हात टाकायची. त्या वर्षी फेब्रुवारीत केनिया सरकारने सरकारी आणि सामुदायिक जंगलांतल्या तोडीवर बंदी आणली होती. लाकडी कोळसा कडाडला होता आणि कांडीला अचानक गिऱ्हाईक वाढलं होतं. अशा ऐन धंद्याच्या दिवसांत मी तिथे जाऊन पोचले.

मालकीणबाईंना सगळे 'मामा' म्हणत, पुढे थोरल्या मुलाचं नाव जोडून. तिकडे मामा म्हणजे आई. आपल्या मामाशी त्याचा काही संबंध नाही हे कळत असूनही पहिला आठवडाभर मला हसू यायचं.

मी सांगली जिल्ह्यातल्या ऊसवाल्या गावची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस बघून मला माहेरी आल्यासारखं वाटलं, आणि माझी पहिली चूक तिथेच झाली. पाचटापासून कोळसा करण्याचं तंत्र आपल्याकडचं. पुण्यातल्या डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेला २००२ साली त्यासाठी ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला होता. मी ते निघण्याआधीच वाचून गेले होते. तीन दिवस मी मामांना पाचटाचं महत्त्व समजावलं. भुकटी विकत कशाला घ्यायची, शेजारी पाचट फुकट पडलंय, पिंप घ्या, भट्टी लावा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी शेडच्या मागे नेलं. तिथे गंजून तळ गेलेली दोन पिंपं आडवी पडली होती. पाचटाचा प्रयोग त्यांनी दोन वर्षांपूर्वीच केला होता. पाचट फुगीर असतं, हातगाडीवर एका खेपेत येतं किती आणि त्यातून कोळसा निघतो किती, हे त्यांनी मोजून पाहिलं होतं. वाहतुकीतच तो 'फुकट' माल भुकटीपेक्षा महाग पडला. मी कॉस्ट अकाउंटंट, आणि वाहतूक खर्च धरायला मीच विसरले.

"आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तू इतक्या लांबून आलेलीस," त्या म्हणाल्या.

हे वाक्य कृपया बाजूला लिहून ठेवा. तुमच्या 'यजमान समाधान' फॉर्मवर पाचपैकी पाच गुण येतात ते याच वाक्यापोटी.

आमच्या आजीकडे १९८० च्या दशकात सरकारी माणसं येऊन धूरविरहित चूल घालून गेली होती. राष्ट्रीय कार्यक्रम होता तो, देशभर तीन कोटींवर चुली घातल्या गेल्या. आजीची चूल दिसायला फार देखणी होती, पण भाकरीचा तवा तिच्यावर नीट तापायचा नाही. साहेब पाहायला आले की आजी तिच्यात जाळ घालायची, एरवी तिथे कोंबडी अंड्यावर बसलेली असायची. लहानपणी या गोष्टीवर आम्ही पोटभर हसायचो. किसुमूत मला पहिल्यांदा कळलं की त्या गोष्टीतला साहेब मी आहे.

आता एक गोष्ट जी गोऱ्या स्वयंसेवकांसाठी केलेल्या प्रशिक्षण-पुस्तिकेत नसते, आणि आपण तीच पुस्तिका वापरतो. युगांडा रेल्वेसाठी १८९६ पासून हिंदुस्थानातून तीसेक हजार मजूर नेले गेले. १९०१ मध्ये रूळ किसुमूला, तेव्हाच्या पोर्ट फ्लोरेन्सला, सरोवराकाठी पोचले. त्या सुमाराला आणि पुढेही व्यापारी येत गेले, दुकानं निघाली. आज किसुमूच्या मुख्य रस्त्यावर दुकानाच्या गल्ल्यामागे किंवा कारखान्याच्या ऑफिसात जो भारतीय दिसतो, तो 'मुहिंदी'. तिथल्या मजुराला मुहिंदी म्हटल्यावर परोपकारी पाहुणा आठवत नाही, मालक आठवतो. मी वही घेऊन शेडमध्ये फिरायला लागले की गप्पा थांबत. कोण किती वेळात किती कांड्या दाबतो हे मी घड्याळ लावून टिपत होते. बायकांची खात्री झाली होती की मामा कारखाना विकतायत आणि ही घेणारी आली आहे. दोघी दुसरीकडे कामही शोधून आल्या. मला हे सहाव्या आठवड्यात कळलं, तेही मामांच्या भाच्याकडून.

पैशाला पेसा, विम्याला बिमा, लाखाला लाकी, गाडीला गारी, डब्याला देबे. स्वाहिली ऐकताना दर दहा मिनिटांनी ओळखीचा शब्द भेटतो आणि आपल्याला वाटतं, इथलं सगळं आपल्याला कळतंय. घड्याळसुद्धा कळत नव्हतं. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात: 'सा मोजा', म्हणजे एक वाजला, म्हणजे आपले सकाळचे सात. विषुववृत्ताला लागून असल्याने वर्षभर सूर्य जवळपास एकाच वेळी उगवतो, त्यामुळे ही पद्धत तिथे अगदी चोख चालते. एका हॉटेलवाल्याची भेट 'सा न्ने'ला ठरली. न्ने म्हणजे चार हे मी पाठ केलं होतं. संध्याकाळी चारला हजर झाले. तो सकाळी दहापासून वाट बघून कधीच निघून गेला होता. मामांचा तो सगळ्यात मोठा उधारीचा गिऱ्हाईक.

माझं मुख्य काम होतं कॉस्टिंग. चौदा शीटची एक्सेल फाइल केली. एका शीटमध्ये बदल केला की बाकीच्या आपोआप बदलत, रंगीत आलेख वर-खाली होत. फाइलने निष्कर्ष काढला की डबावाली विक्री तोट्यात आहे. तिकडे बाजारात गोरोगोरो नावाचा दोन किलोचा पत्र्याचा डबा असतो, मका-घेवड्यापासून सगळं त्यात मोजतात. आसपासच्या बायका रोजच्या स्वयंपाकापुरत्या कांड्या त्या डब्याने नेत. माझ्या हिशेबाने दर डब्यामागे चार शिलिंग बुडत होते. मी सल्ला दिला: डबा बंद करा, हॉटेलं, शाळा आणि कोंबडीपालनवाले यांनाच पोत्याने विका.

मामांनी नाही म्हटलं. कारण मात्र देईनात. मी चिडले. व्यावसायिक दृष्टिकोन नाही वगैरे जे मनात यायचं ते आलं, आणि साप्ताहिक अहवालात मी तसं सभ्य इंग्रजीत लिहिलंही.

एका शनिवारी मी मजुरी वाटपाच्या वेळी तिथे होते. मामांच्या कमरेच्या पिशवीत सुट्ट्या नोटा आणि नाणी. आठवडाभर डब्यांनी आलेला पैसा. त्यातून चौदा जणांची मजुरी चुकती झाली. हॉटेलवाले पंचेचाळीस, कधी साठ दिवसांनी पैसे देत. डबा बंद केला असता तर दुसऱ्याच शनिवारी मजुरीसाठी मामांना चामातून उचल घ्यावी लागली असती. चामा म्हणजे तिथली भिशी. उचलीवर महिन्याला व्याज चढतं. माझ्या फाइलमध्ये उधारीवरचं व्याज शून्य होतं, कारण मी 'बँक कर्ज आहे का' असं विचारलं होतं आणि उत्तर खरोखरच 'नाही' होतं. शिवाय विक्रीखर्च मी व्यवहारांच्या संख्येवर वाटला होता. त्यामुळे दोनशे डबेवाल्या बायकांवर सगळा बोजा आणि पाच हॉटेलं नामानिराळी. माझा तोटा माझ्याच वाटपातून जन्मला होता. पुण्यात एखाद्या आर्टिकल क्लार्कने हे केलं असतं तर मी शीट परत फेकली असती.

आणि ऑक्टोबर उजाडल्यावर पाऊस सुरू झाला. तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर हा 'छोटा पाऊस'. कांड्या वाळेनात, मांडवावर ताडपत्री, निम्मं उत्पादन. खर्च वाटायला फाइलमध्ये धरलेली माझी 'सामान्य उत्पादनक्षमता' त्या पावसाळी आकड्यांवर बेतलेली. सप्टेंबरची तुकडी का, हे मी नंतर आपल्याच ऑफिसात विचारलं. सहामाही अप्रेझल आटोपलेलं असतं, दिवाळीआधी प्रोजेक्टांना जरा सैल काळ असतो. किसुमूतल्या पावसाचा विचार त्यात यायचं काही कारणच नव्हतं.

काही उपयोगी पडलं की नाही? पडलं. केनियात मोबाइलवरून पैसे पाठवणारी एम-पेसा सेवा २००७ मध्ये सुरू झाली, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी. मामांचे सगळे व्यवहार एकाच नंबरावर: मळीचे पैसे, धाकट्याची शाळेची फी, सासूचं औषध, हॉटेलचं पेमेंट. धंद्यात नफा आहे की नाही हे त्यांना कधीच दिसत नव्हतं. मी म्हटलं, दुकानदारांसाठीचा वेगळा टिल नंबर घ्या. तो त्यांनी घेतलेला होता, वापरत नव्हत्या. घरात अडचण आली की त्यातूनच काढावे लागत, मग वेगळा ठेवून काय उपयोग?

शेवटी एक दोनशे पानी वही आणली. मी दोन रकाने आखले, आले आणि गेले. मामांनी पेन घेऊन तिसरा रकाना स्वतः आखला आणि त्यावर लिहिलं, 'घरी नेले'.

मी तो रकाना आखला नसता. आमच्या शास्त्रात त्याला उचल म्हणतात आणि ती भांडवल खात्याला जाते, पण मी घरखर्च 'धंद्यातून वेगळा' करायच्या मागे होते. त्यांना तो वेगळा करायचाच नव्हता, नुसता बघायचा होता. महिन्याच्या शेवटी तिसऱ्या रकान्याची बेरीज झाली तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे मी गरीब नाही. मी खर्चिक आहे." आणि मोठ्याने हसल्या. त्या दिवसापासून मला 'न्यारा' म्हणायला लागल्या, लुओ भाषेत 'माझी मुलगी'. मराठीत न्यारा म्हणजे वेगळाच, हे मी त्यांना सांगितलं नाही.

वही भाचा आजही लिहितो. एक्सेल फाइल मी विमानात बसले त्या दिवशीच मेली. तिथे लॅपटॉप नव्हता, माझाच होता, तो माझ्याबरोबर परत आला. फोनच्या काचेवर चौदा शीट कोण उघडून बघणार?

आता मुद्द्याचा हिशेब. निघायच्या आठवड्यात सवयीने मी माझीच कॉस्ट शीट मांडली. मामांचे रोजचे दोन तास, आठवड्याचे पाच दिवस, बारा आठवडे: एकशे वीस तास. पहिले पाच आठवडे भाचा माझा दुभाषा होता. एरवी तोच मोटरसायकलवर ऑर्डरी गोळा करत फिरायचा. त्या काळात एका शाळेची ऑर्डर दुसऱ्याकडे गेली. परदेशी बाई राहायला आली म्हणून स्थानिक चीफच्या कचेरीत कागद द्यायला मामांचा दीड दिवस. स्वयंसेवकांच्या जागा ठरवून देणाऱ्या मध्यस्थ संस्थेचे लोक फोटो काढायला आले त्या दिवशी यंत्र बंद, बायका धुतलेले कपडे घालून बसून. पाहुणी म्हणून कापलेल्या कोंबड्या आणि सरोवरातला तिलापिया मी कमीच धरला, कारण तो हिशेबात घालताना हात अडखळला. एवढं करून शिलिंगांतला आकडा त्यांच्या दोन कामगारांच्या तीन महिन्यांच्या मजुरीच्या आसपास आला. दोन कामगार कमी असावेत इतका भार एका फुकटच्या माणसाने टाकला होता. समोरच्या बाजूला जमा काय? एक वही.

माझ्यानंतर चार महिन्यांनी दुसऱ्या देशातला एक मार्केटिंगवाला आला. त्याला माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. त्याने पहिल्या दिवशी विचारलं, डबा बंद का करत नाही? मग त्याने नवा लोगो करून दिला. शेडच्या भिंतीवरचा तो तिसरा लोगो. दर पाहुण्याबरोबर मामांची गोष्ट पहिल्यापासून सुरू होते, आणि त्या ती सांगतात, कारण तो इतक्या लांबून आलेला असतो.

तुमच्यासमोर मला भावनेपेक्षा खतावणी ठेवायची आहे. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ आणि २०१४ चे नियम सगळ्यांना पाठ आहेत: तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर, आणि काम भारतात झालेलं असलं तरच ते धरायचं. किसुमूत केलेलं माझं काम त्या दोन टक्क्यांत बसतच नव्हतं. मग माझं विमानभाडं कुठल्या खात्यात पडलं, हे मी एकदा कुतूहलाने शोधलं. 'नेतृत्व विकास प्रशिक्षण'. म्हणजे आपल्या लेखापालाने खरं तेच लिहिलं होतं. प्रशिक्षण माझं झालं. चूक कबूल करायला, सुट्ट्या नाण्यांकडे नीट बघायला, आणि 'कर्ज आहे का' हा प्रश्न किती तऱ्हेने विचारता येतो हे मी तिथे शिकले. परत आल्यावर त्याचा कंपनीला फायदाच झाला, मला बढतीही मिळाली. शिकवणाऱ्या होत्या मामा. त्यांना फी कुणी दिली?

माझी मागणी एवढीच आहे की ती फी द्या. अंदाजपत्रकात यजमानाच्या वेळेसाठी एक ओळ घाला. मध्यस्थाला देतो तो सेवाशुल्काचा आकडा त्या ओळीशेजारी लिहा म्हणजे रक्कम ठरवायला फार चर्चा लागणार नाही. देणगी म्हणून नको, बिलाने. बिल पाठवणारा माणूस 'नको' म्हणू शकतो, आणि उमेदवारांची माहिती बघून 'हिला नको, त्याला पाठवा' असंही म्हणू शकतो. सध्या त्यांना माणूस कळतो तो विमानतळावर. काम काय करायचं हेही त्यांनीच लिहावं. माझ्या 'कार्यकक्षा' नावाच्या दोन पानांत 'कॉस्टिंग मॉडेल' हा शब्द मामांनी घातलेला नव्हता. त्यांनी सांगितलं होतं, 'पैसे कुठे जातात ते बघायचंय'. मध्यस्थाने त्याचं मॉडेल केलं आणि मी त्या मॉडेलच्या चौदा शीट.

बाकीचं पटकन सांगते. दर वर्षी नवा देश शोधणं थांबवा, एकाच ठिकाणी तीन-चार वर्षं जा. गेलेल्याने पुढच्याला फोनवरून तरी सगळं सांगायलाच हवं. पहिला महिना कुठलाही अहवाल मागू नका. अहवाल मागितला की माणूस सल्ले द्यायला लागतो, मी लागले. आणि आपल्या इंग्रजी अहवालाची जी प्रत मामांना 'माहितीसाठी' गेली होती, ती त्यांनी जपून ठेवली आहे. उघडलेली नाही.

यावर तुमच्यापैकी कुणी म्हणेल की मग पाठवूच नये. हे मी मामांना फोनवर विचारलं होतं. त्या म्हणाल्या, वही चांगली झाली. मग बराच वेळ मोटरबद्दल बोलल्या. ती पावसात जळली होती, दुरुस्त करणारा फुंडी तिथलाच होता, वाइंडिंगचे पैसे डब्यांच्या पिशवीतून गेले, चौथ्या पानावर लिहिलेत.

फोन ठेवताना त्यांनी एक निरोप दिला, तो जसाच्या तसा पोचवते. पुन्हा कुणी येणार असेल तर सप्टेंबरात नको. जानेवारीत पाठवा. तेव्हा कडक ऊन असतं, कांड्या दोन-तीन दिवसांत वाळतात, आणि बोलायला वेळ असतो.

जानेवारी ते मार्च फायनान्सच्या माणसांना रजा मिळत नाही, मार्च-एंड असतो, हे मी त्यांना सांगितलं आहे. तरीही तुम्हाला विचारून ठेवते.

आपली,
२०१८ च्या तुकडीतली एक कॉस्ट अकाउंटंट
पुणे